उलटा बाण

नाही नाही, आधी बस तू – हे स्टूल हलतं, पण पडत नाही कुणी, मीच दोनदा पडलेय फक्त – आणि बॅग राहू दे दाराशी, टॅक्सीवाला थांबेल गं, मीटर चालू आहे ना? मग त्याला काय! सोमवारी तिकडच्या शाळेत नोकरीवर हजर व्हायचंय, माहीत आहे मला, गाडी चुकू नाही देणार. एवढंच दाखवायचंय, वहिनी. मायक्रोस्कोपात बघताना दोन्ही डोळे उघडे ठेव, आणि हे मोठं चाक फिरवू नकोस – अगं! – काही नाही, तू काही नाही केलंस, तो मागचा फ्रीज सुरू झाला. मी रोज दचकते. आमच्या लॅबच्या मॅडम म्हणतात, इतकी वर्षं एका खोलीत आहात, अजून ओळख नाही झाली का तुमची?

दिसलं? माशीचा पंख आहे. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात ना, त्या चिमुकल्या माशीचा. बारीक बारीक केस दिसतायत? एका पेशीला एकच केस, आणि सगळे पंखाच्या टोकाकडे. विंचरल्यासारखे. कोण विंचरतं? कुणीच नाही! पेशीला पंख म्हणजे काय तेच माहीत नसतं गं – टोक कुठे, अंग कुठे, काही नाही – तिला फक्त शेजारीण माहीत. ती शेजारणीला चाचपते, तू कुठे तोंड करून आहेस, मग मीही तिकडेच – आणि शेजारीण तिच्या शेजारणीला – असं करत करत पंखभर. दादा एकदा माझा विसरलेला डबा घेऊन आला होता ना, तेव्हा याच स्टुलावर बसून बघितलं त्याने, आणि म्हणाला, "एवढा मोठा मोर्चा, आणि घोषणा कुणीच कशी देत नाही?" मग म्हणे, आण, स्लाइडवर खूण मी करतो. पेन्सिलने बाण काढला, टोक कुठे आहे ते कळायला – आणि उलटा काढला! टोकाकडे काढायचा तो अंगाकडे. तेव्हा आळसाने खोडला नाही मी. आता खोडवत नाही. तसं अडत नाही काही, केसांवरून कळतंच. पंखाचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा उरला ना, तरी सांगता येतं – टोक कुठे होतं, आणि तो ज्या अंगावरून तोडला ते अंग कुठे होतं.

घड्याळ नको बघूस. आता थोडं सरकवते. मधे एक ठिगळ आहे बघ. तिथल्या पेशींमधलं एक प्रथिन आम्हीच काढून टाकलंय, शेजारणीशी धरून राहायला जे लागतं तेच नेमकं. पण ठिगळाकडे नको, त्याच्या टोकाकडच्या कडेला बघ. या कडेच्या पेशींमध्ये काहीएक बिघाड नाहीये, धडधाकट आहेत – आणि केस? टोकाकडे पाठ करून सगळे ठिगळाकडे वळलेत. नसलेल्याकडे. कळतंय ना मी काय म्हणते ते? बाबा जेवताना खुर्ची तिरकी करून बसतात, ती पाठ दुखते म्हणून नाही. आई बोलते माझ्याशी आणि बघते दादाच्या चपलांकडे. अपघात त्याचा झाला, आम्ही तर घरीच होतो ना सगळे, आम्हाला कुठे काय लागलं? तू आहेस म्हणून चाललंय. तू पाण्याचा ग्लास ठेवतेस तेव्हा बाबा गोळी घेतात. तुझी भांडी वाजली की आई उठते. मी दिवा मालवते तेसुद्धा पलीकडच्या पलंगावर तू कूस बदललेली ऐकू येते म्हणून, नाहीतर मला – ते जाऊ दे. म्हणजे तू गेलीस तर आमच्यात आणखी एक ठिगळ. हे सांगायचं होतं. माझं मलाच वाटलं, आईने नाही सांगितलं. – बरं, आईने सांगितलं. सकाळी, तू आंघोळीला गेलीस तेव्हा. म्हणाली, "तू अडव तिला. तुझं ऐकेल ती, तिला तुझी दया येते."

येते का?

नको, नको सांगूस. बघत राहा तू, डोळे काढू नकोस तिथून, तू माझ्याकडे बघितलंस की मला बोलता येणार नाही. आणखी सरकवते हं. ही कडेची ओळ – पार वळलेली. तिच्यामागची जरा कमी. तिच्यामागची आणखी कमी. आणि इथे? सरळ. परत सगळे टोकाकडे, जसं काही झालंच नाही. हे तुला दाखवायचं नव्हतं, वहिनी. सकाळपासून ठरवलं होतं, कडेपाशीच थांबायचं, इथपर्यंत यायचंच नाही – पण अर्धाच पंख कसा दाखवू? केस एकदा उगवून कडक झाला की वळत नाही गं पुन्हा, जे काय ते त्याआधीच. आणि तू सगळ्यात जवळच्या ओळीतली. आम्ही आई-बाबा-बहीण, आम्ही कुठे जाणार? तू तर –

आई गं! – हॉर्न. टॅक्सीवालाच आहे. ऊठ, ऊठ, गाडी चुकेल. आईला मी सांगते. काय सांगू? सांगेन, पंख दाखवला, ऐकलं नाही तिने. पुसू नकोस, राहू दे, मॅडम विचारतील भिंग ओलं कसं, तर म्हणेन मीच शिंकले. आणि ही स्लाइड घे. घे गं, माझ्याकडे खूप पंख आहेत. रुमालात गुंडाळ, काच आहे. फक्त तिथे कधी बघावंसं वाटलं तर बाण बघू नकोस, त्याला दिशा कधी कळलीच नाही. केस बघ.

जा आता. आणि दार हळू लाव हं, मी दचकते.