पुलाला लागणारं पोर

हसा, हसा, पण वजनकाटा दिसला की मी अजून दोन पावलं मागे सरतो. आणीबाणी उठून वर्षच झालं होतं. पोषण-सर्वेक्षणाचं ट्रेनिंग संपवून आम्ही दोघं नवशिके सिहोऱ्याकडच्या एका गावात पोरांची वजनं घ्यायला गेलो. झाडाला काटा टांगला, खाली झोळी अडकवली. बाया दारं लावून घरात. पुरुष काठ्या घेऊन आमच्याभोवती.

"पोरं काहून तोलता?" एकानं विचारलं.

"यातली काही निवडायची आहेत," मी म्हणालो. 'हलक्या पोरांना जास्तीचा खाऊ द्यायला' हे पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. काठ्या वर झाल्या. जवळच्या नदीवर पूल बांधत होते आणि पुलाला पोराचा बळी लागतो अशी आवई उठली होती.

सरपंच मध्ये पडले म्हणून वाचलो. "उद्या या, मी समजावतो साऱ्यांले."

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं हजर. मला हायसं वाटलं. पण एकजात सगळी हलकी भरत होती, मलूल, एकही पोर रडत नव्हतं.

एक आई हळूच जवळ आली. "साहेब, कालपासून याले पेजबी नाही पाजली. हलकं भरलं न? हलकं पोरगं पुलाले चालत नाही न?"