एस्तेरबाईंची कारली

बसा, बसा, पुढे सरका! मागच्या भिंतीला टेकणाऱ्यांना झोप लागते, हा माझा कीर्तनातला अनुभव आहे. तर मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. देव प्रेमळ आहे ना? मग चांगल्या माणसाच्या घरात रडारड का? देवानंच हे ठरवलं असेल, तर त्याला प्रेमळ म्हणायचं कसं? बघा, सगळ्यांनी माना खाली घातल्या! शाळेतही असंच करत होता ना?

मग ऐका. एका गावात एस्तेरबाई पाटोळे नावाची विधवा होती. तिची एकुलती एक लेक सरोज. लग्न ठरलेलं, साडी घेतलेली, आणि पोरीला कावीळ झाली. गेली ती. (पेटीवाले अनिलराव, रडका सूर लावू नका, ही बाई रडणारी नव्हती. भांडणारी होती!)

सांत्वनाला माणसं आली. पाळकांची बायको, म्हणजे पाळकीणबाई, म्हणाल्या, "देवाला आपल्या बागेत एक फूल हवं होतं हो."

एस्तेरबाई म्हणाली, "का? त्याच्या बागेत दुष्काळ पडलाय?"

चर्चच्या मंडळीचे पंच याकोबराव घसा खाकरून म्हणाले, "ही देवाची योजना आहे, एस्तेरबाई."

"असं? मग त्या योजनेचे साहेब कुठे बसतात तेवढं सांगा. मला भेटायचंय."

याकोबरावांनी चहा अर्धा ठेवला आणि चपला घातल्या. त्यानंतर त्या घरी कोणी फिरकेना, आणि बाई देवळात येईना.

मग आला उपकारस्तुतीचा सण. आपल्या आजच्यासारखीच रीत. शेतातलं उत्तम ते वेदीपुढे ठेवायचं, त्याचंच प्रीतिभोजन करायचं, आणि वेदीपुढचं अन्न पानात उष्टं टाकायचं नाही. कोणी बाजरी आणली, कोणी लाल भोपळा, कोणी कोंबडी. ती कोंबडी तर गीतांपेक्षा वरच्या पट्टीत ओरडत होती! तेवढ्यात दारातून एस्तेरबाई आली. डोक्यावर टोपली, आणि टोपलीत कारली. हिरवीगार, काटेरी, टोपली भरून कारली!

ती म्हणाली, "देवानं मला कडू दिलं, मी त्याला कडू आणलंय. मीठ लावून पिळायचं नाही. गूळ घालायचा नाही. टोपली परत केलीत तर मीही परत यायची नाही. तुमच्याकडेही नाही आणि त्याच्याकडेही नाही."

झाली का पंचाईत! याकोबराव पाळकांच्या कानात म्हणाले, "भोपळ्यांच्या मागे सरकवू. जेवणात काढू नका." पाळक नवे होते, तरुण होते, घामाघूम झाले. पण त्यांनी टोपली उचलली आणि वेदीपुढे मधोमध ठेवली. प्रार्थना केली, "प्रभो, ही कारली आहेत. का आहेत ते आम्हाला कळत नाही. पण आणलेली आहेत." आमेन. एवढीच! आमच्याकडे एवढी लहान प्रार्थना कोणी केली, तर त्याची तब्येत विचारतील.

पंगत बसली. प्रत्येकाच्या पानात कारल्याची भाजी, न पिळलेली. पाळकांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा एक डोळा मिटला तो उघडेना. पाळकीणबाई भाकरीत लपवून खात होत्या, तरी जीभ बाहेर आली. याकोबरावांनी गोळीसारखा घास गिळायचा ठरवला, तो अडकला टाळ्याला. नाइलाजानं चावावा लागला. डोळ्यांतून पाणी, मिशीवर पाणी!

एस्तेरबाई समोरच बसली होती. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

याकोबराव कसेबसे म्हणाले, "एस्तेरबाई, फार कडू आहे हो. फार कडू."

आणि बाई हसली! हसत सुटली, पदर तोंडाशी धरून. सगळी पंगत हसायला लागली. आणि हसता हसता तिचा बांध फुटला. लेक गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

म्हणाली, "याकोबराव, एवढंच ऐकायचं होतं मला. सगळे मला समजवायला आले. माझं दुःख किती कडू आहे, ते एकानंही म्हटलं नाही."

याकोबरावांनी काय केलं? भाजी पुन्हा वाढून घेतली! योजनेबद्दल अवाक्षर काढलं नाही. बाईच्या समोर बसून पान चाटूनपुसून संपवलं. पुढच्या रविवारी एस्तेरबाई देवळात होती. भांडण मिटलं नव्हतं बरं का! ती म्हणायची, आता देवाशी समोरासमोर भांडते.

आता मला विचाराल, बुवा, देवानं ती पोर का नेली? मला माहीत नाही! देवाची योजना मी वाचलेली नाही, आणि वाचली म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहतो. मला एवढंच ठाऊक आहे, की माझा प्रभू वर बसून कारण सांगत राहिला नाही. तो खाली आला. वधस्तंभावर तहान लागली तेव्हा आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, पुढे आली, तीही त्यानं तोंडाला लावली. आपल्या पंगतीत बसून आपलं कडू खाल्लं त्यानं. प्रेम म्हणतात ते हेच.

आता मागून फोडणीचा वास येतोय आणि तुमचं लक्ष उडालंय, कळतंय मला. जा जेवायला. पण ज्याच्या शेजारची जागा रिकामी असेल, त्याच्याजवळ बसा. त्याला शिकवू नका. विचारा, "वर्ष फार जड गेलं का हो?" आणि त्याचं सांगून होईपर्यंत पानावरून उठू नका.