जावयाच्या फटफटीची नळी

आता उभं कशापायी ऱ्हायलाय जमादार, बसा की — त्या दगडावर नगं, त्याच्याखाली मुंगळं हायती, हितं बसा, पेरूच्या सावलीला. रस्ता हितनं बी दिसतोय. पर मी सांगते, ती गाडी आज यायची न्हाय. आमचं जावई बारामतीला गेल्यात, सकाळीच. न्हाय, फटफटीवर न्हाय, यष्टीनं. काय म्हंता? दुपारी इंदापूरला कचेरीच्या दारात उभी बघितली? तुमीच बघितली? — मंग आसंल बाई. आमा म्हाताऱ्या माणसाला कोण सांगतंय, कोण कुठं गेलं ते. सासू म्हंजी काय, चुलीम्होरचा पाट. बसायला लागला की आठवण. बरं, येतील तवा येतील. तवर हा पेरू खावा. तो नगं, त्याला राघवाची चोच लागलीया — अवं तसा ग्वाडच आसतोय चोच लागलेला, पर सरकारी माणसाला कसा द्यावा? हा घ्या.

तर कायदा म्हणालात. सांगा की पुन्यांदा, मला बाईमाणसाला उमजंल आसं. — मोटार असू द्या न्हायतर फटफटी, धूर सोडायच्या नळीला आवाज दाबायचा डबा पायजे, आमी त्यालाच नळी म्हंतो, त्याबिगर रस्त्यावर आणायची न्हाय. बरं. मागल्या बाजारच्या दिशी तुमी जावयांना अडीवलं तवा नळी नव्हती, खरं हाय. तुमी म्हणालात, नळी बसवा, न्हायतर फुडच्या येळंला गाडी चावडीवर लावीन आन् खटला भरीन. मंग बसवली का न्हाय? सावळाराम लव्हाराकडनं करून घेतली, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची, उन्हात आशी चमकतीया की नजर ठरत न्हाय. आवाज वाढला? वाढला आसंल. कायद्यात नळी पायजे, नळी हाय. आवाज किती आसावा हे कुणी मोजलंय? तुमी काय तागडी आणलीया आवाज जोखायची? — हसू नगा, खरंच इचारते. तुमचा कान म्हंजीच तागडी म्हणा की! आन् तो कान त्या पलीकडं का जात न्हाय? ऐका — पुक पुक पुक पुक — आबाजीच्या विहिरीवरलं इंजिन. दिस उगवल्यापासनं चाललंय. त्याला डबा हाय का? न्हाय. त्याच्यावर खटला हाय का? न्हाय. — ते रस्त्यावरनं चालत न्हाय म्हणून? मंग जावयांनी फटफटी बांधावरनं चालवली तर चालंल म्हणा. न्हाय? तुमचा कायदा बी माझ्या जावेवाणी हाय, बोलाया गेलं की तोंड फिरवतोय.

आन् अर्ज कुणी दिला ते मला ठावं हाय. तुमी नाव घेऊ नगा, तुमच्या नोकरीचं हाय ते, मीच घेते. आबाजी. बांधाला बांध हाय आमचा. काय लिवलंय त्यानं — बैल बुजत्यात, तान्ही पोरं दचकत्यात, शाळंत मास्तराचं ऐकू येत न्हाय. आबाजीचं बैल! ते त्या इंजिनापशी रवंथ करत बसत्यात, ते काय बुजणार? आन् शाळंतल्या पोरांना फटफटी नव्हती तवा तरी मास्तराचं ऐकू येत व्हतं का? त्याचं दुखणं निराळंच हाय, जमादार. फटफटी हितनं गेली की माझ्या बागेतलं समदं राघू भर्रकन उठत्यात, एक गिरकी घेत्यात आन् जाऊन बसत्यात त्याच्या बागेत. त्याचं पेरू कोरत्यात. आता मी काय राघवांना सांगितलं, आबाजीकडं जावा म्हणून? त्यांचं त्यांनी ठरीवलं. आन् गंमत बगा, राघू बी येत्यात कवा, सकाळी कचेरीच्या वक्ताला आन् सांजच्याला कचेरी सुटली की. मधल्या उन्हात कुठं गुमान बसत्यात कुणाला ठावं. अगदी सरकारी नोकरावाणी. तवाच माझ्या ध्यानात आलं, म्हणलं, हे तर लईच ब्येस जमतंय, नुसती ती नळी —

काय? काय न्हाय. मी कुठं काय म्हणलं? तुमचा पेरू संपला का? आणखी एक घ्या, कवळा देऊ का पिकला?

आसं एकटक बघू नगा माझ्याकडं, जमादार. माझ्या लेकाच्या वयाचं हायसा तुमी. — बरं सांगते, पर हे ह्या झाडाखालीच ऱ्हायला पायजे. औंदा अधिक म्हैना आला न्हवं? आमची लेक रतन माहेरी आली. जावयांना धोंडं जेवाया बोलीवलं. सर्जेराव नाव त्यांचं, एरवी बारामतीच्या कचेरीत आसत्यात, म्हैनाभराच्या कामापुरतं इंदापूरला धाडलंय. म्हणलं, मंग हितंच ऱ्हावा की, निमगावावरनं इंदापूर काय लांब हाय. ऱ्हायलं. फटफटी घिऊन आलं. लढाईतली हाय ती, कुणा गोऱ्या सोजिराची, पुण्याला लिलावात घेतलेली. आन् आवाज कसा म्हणाल? मांजर घुरघुरल्यावाणी. दारात यिऊन थांबली तरी आमचं कुत्रं मान वर करायचं न्हाय. आन् नेमकं त्याच वक्ताला पेरूला रंग चढला आन् राघू उतरलं. थव्यानं. आता राखण कुणी करायची, तुमीच सांगा. मालकांची नजर गेलीया, त्यांना पान आन् राघू सारखंच. माझ्या गोफणीचा धोंडा गेल्या साली आबाजीच्या कौलावर पडला, तवापासनं मालकांनी ती गोफण कुठं लपवलीया ते अजून गावली न्हाय. घरात धडधाकट गडी एकच, जावई. आन् अधिक म्हैन्यात जावयाच्या हातात गोफण द्यायची? अवं, त्याला ताटात वाण द्यायचं, दिव्यानं ववाळायचं, आन् मंग म्हणायचं, आता बागेतल्या माळ्यावर चढा आन् राघू हाकला? निमगावात तोंड दाखवाया जागा ऱ्हायली नसती. बायका पाण्यावर म्हणाल्या असत्या, छबूबाईनं जावई न्हाय, राखण्या ठेवलाय. तवा मी म्हणलं, पाव्हण्यांनी काम न करता काम झालं तर?

तर झालं.

कसं म्हंजी? पाव्हणं धोंडं खात व्हतं. रतन वाढत व्हती, एकावर एक, तूप वतत व्हती, ‘आणखी एक, माझी शपथ हाय’ चाललं व्हतं. मी मागल्या दारानं गोठ्यात गेले, फटफटी तितंच व्हती. सावळारामाकडनं पान्हा आणलाच व्हता. नळीचा एक बोल्ट ढिला व्हता, म्हंजी देवाच्या बी मनात व्हतं. दुसऱ्याला गोडं तेल घातलं, वाईच दम दिला, निघाला. सकाळी पाव्हण्यांनी गाडीला लाथ मारली तवा — आई आई आई! ठावं आसून माझ्याच हातातली घागर पडली. कुत्रं जे पळालं ते दुपारच्याला आलं. आन् राघू! पेरूच्या झाडाला जणू कुणी हिसका दिला आन् समदी पानं उडाली. पाव्हणं खाली वाकून बघत्यात आन् म्हंत्यात, वाटंत कुठं तरी पडली वाटतं, रस्ता लई खराब हाय. मी दाराआडनं म्हणलं, रतन, सांग त्यांना, व्हय, रस्ता लईच वंगाळ. रस्ता करणाराला चार शिव्या बी दिल्या. मंग तुमी नळी बसवा म्हणालात, तवा पुन्यांदा सावळारामाकडं मीच गेले, म्हणलं, बाबा, नळी दिसाया नळी आसू दे, पर आतनं मोकळी ठेव, पत्रा पातळ लाव, म्हंजी आवाज आणखी —

देवा रे. हे बी बोलले व्हय मी? ह्या जिभंला काय हाड हाय का!

जुनी नळी? हाय की. टाकलीया व्हय. पाय उचला. — आणखी जरा. हितनं पाटाचं पाणी बांधाखालनं पलीकडच्या वाफ्यात जातंय न्हवं, तितं बशिवलीया. आधी रोज बांध फुटायचा, आता फुटत न्हाय. आन् आत जाळीवाणी कायबाय हाय, त्यात काडीकचरा अडकतोय, वाफ्यात पाणी कसं निवळ उतरतंय. काय डोकं चालवलंय हो नळी करणाऱ्या गोऱ्या सायबानं.

अवं, उठू नगा. कुठं निघालाय? जावयांना सांगणार? — न्हाय न्हाय, बसा, पाया पडते तुमच्या. मला धरा. नळी मी काढली, पत्रा मी लावला, खटला माझ्या नावावर घाला, मी येते कोर्टात, हे जे तुमाला सांगितलं तेच जज्जाला सांगते. — चालवणाराला धरत्यात? काढली एकीनं आन् धरायचं दुसऱ्याला? त्यांची नोकरी अजून कायम न्हाय, जमादार. त्यांचा साहेब कडक हाय, कोर्टाचं समन्स कचेरीत गेलं की झालं. पर ते बी ऱ्हाऊ द्या बाजूला. त्यांना कळलं तर? सासूनं आपल्याला वाण दिलं, ववाळलं, पंचपक्वान्न वाढलं, आन् आपलंच बुजगावणं केलं. शेतातल्या बुजगावण्याला निदान मडक्याचं डोकं आसतंय, त्याला कळत न्हाय आपण बुजगावणं हाय ते. हे तर शिकलेलं हायती. पुन्यांदा ह्या दारात पाऊल टाकतील? आन् ते न्हाय आलं तर रतनला कोण धाडंल? एकच लेक हाय मला. पेरू काय, फुडल्या साली बी येत्यात.

न्हाय, रडत न्हाय मी. चिलट गेलं डोळ्यात.

एक करा. अमावास्येपतोर थांबा. अधिक सरला की पाव्हणं बारामतीला जातील, फटफटी बी जाईल, तवर पेरू बी उतरून व्हतील. — न्हाय? मंग परवापतोर? — आज म्हंजी आजच? तुमी बी काय चिवट माणूस हायसा. बरं, मंग तुमीच द्या त्यांना. म्हणा, वाटंत सापडली. पोलिसाला सापडली म्हणल्यावर कोण इचारतंय कुठं आन् कशी? आता खोटं बोलत न्हाय म्हणून सांगू नगा मला. बरं ऱ्हायलं, नगा बोलू. मी काढते पाटातनं, मी टाकते रस्त्यावर, तुमी उचला. मंग सापडलीच की! ह्यात खोटं काय हाय, सांगा. — हां, आता कसं हसला.

ते खुरपं द्या हिकडं. निघ गं बाई — निघाली. गेला बांध, जाऊ द्या, भरते मी मागनं. चिखल पुसू नगा तुमी, वाटंत पडलेल्या नळीला चिखल आसतोयच. ही टाकली बगा. उचला. आणखी खालनं उचला, नीट, सापडल्यावाणी. झालं. लव्हाराची ती पत्र्याची काढून तुमी जप्त करा आन् ही त्यांच्याकडनं हितंच बसवून घ्या, तुमच्या डोळ्यांदेखत. बोल्ट माझ्या कनवटीला हायती, हे घ्या. न्हाय, बोल्ट बी वाटंतच सापडलं, एका जागी सापडलं. तुमचं नशीब चांगलं हाय म्हणायचं.

ऐकलं? बारामतीच्या अंगानं न्हाय, इंदापूरकडनं. ओढ्यापशी आलीया. — बगा, बगा, उठलं माझं राघू! समदी बाग उठली. पोटभर बघून घेऊ द्या मला, उद्यापासनं मांजर घुरघुरत येणार आन् हे मेलं बसून खाणार.

चला, व्हा रस्त्यावर. हात वर करा. मिशीतलं हसू पुसा आधी! आन् माझ्याकडं बघू बी नगा, इचारू बी नगा काय, मी आता बोलायची न्हाय — जावयाच्या म्होरं मी तोंड उघडत न्हाय, कवाच न्हाय, साऱ्या निमगावाला इचारा. हा घेतला पदर. जावा. अवं जावा म्हणते न्हवं —