खटक्यावरचा दुपट्टा

अनघा : नाही धम्मदीप, ‘विसरलो असेन’ चालणार नाही. ‘असेन’ म्हणालात की कंपनीचा वकील तिथल्या तिथे पेढे वाटेल. दुपट्टा टांगला होता की नव्हता?

धम्मदीप : मॅडम, दीड वर्ष झालं आता. डोळे मिटले का मले तं असंच दिसते, मी टांगला. गाठ मारली, मंग खाली खड्ड्यात उतरलो, सरकी पुढं ढकलनाऱ्या स्क्रूत हात घातला. पण...

अनघा : पण काय?

धम्मदीप : त्या दिवशी मी दुपट्टा नेलाच नवता ना! घरी दोरीवर वाळत होता. संध्याकाळी दवाखान्यात माह्या बायकोनं, वैष्णवीनं, त्याच दुपट्ट्यानं माह्यं तोंड पुसलं. घरचा दुपट्टा मी लोहाऱ्याले, कापसाच्या जिनिंगमधी कसा टांगीन?

अनघा : आणि हे तुम्ही मला आज सांगताय? सुनावणीच्या दिवशी, कोर्टाच्या व्हरांड्यात?

धम्मदीप : लाज वाटे, मॅडम. आपल्याच चुकीनं चार बोटं गेली अन् आपनच भरपाई मागाची.

अनघा : ही लाज कंपनीला फार उपयोगी पडते, कळलं का? बरं, ती दुपट्ट्याची रीत पुन्हा सांगा. न्यायाधीश साहेबांना मला समजावता आली पाहिजे. माझ्या घरात तीन पिढ्या वकिली, कपाशीचं झाड सोडून मी जिनिंगमधलं काही पाहिलेलं नाही.

धम्मदीप : जिनिंगमधी आवाज एवढा, का कानाशी बोंबललं तरी ऐकू येत नाई. मशीन जाम झाली का एक जन आत हात घालते. त्याच्या आधी खटका बंद कराचा अन् खटक्याले आपला गळ्यातला दुपट्टा बांधाचा. दुपट्टा दिसला का त्या खटक्याले कोनी हात लावत नाई. ज्याचा दुपट्टा, त्यानंच काढाचा. खुद्द मालक आला तरी नाई लावत.

अनघा : कंपनीच्या उत्तरात तर खटक्यावर लाल पाटी लावायची, असं आहे.

धम्मदीप : ते पाटी मी कामाले लागलो त्याच्या आधीच हरपली. आमची पाटी म्हंजे दुपट्टा.

अनघा : आता ऐका. कामावर इजा झाली की भरपाई हा तुमचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही. विसरलात, चुकलात, तरी तो हक्क जात नाही. म्हणून कंपनी ‘विसरला’ म्हणतच नाहीये. ती म्हणते, वारंवार सांगूनही ह्याने मुद्दाम नियम मोडला. मुद्दाम ठरलं, तर आपण हात हलवत घरी. आणि त्यांचा साक्षीदार नेमकं तेच सांगणार आहे. कोण तो, गोविंदा...

धम्मदीप : गोविंदाकाका. कळंबले आमच्याच गल्लीत राह्यतेत. त्यायनंच मले कामाले लावलं होतं. आजबी एकाच यष्टीनं आलो आमी.

अनघा : विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराबरोबर?

धम्मदीप : माही पिशवीबी त्यायनंच धरली. मले एका हातानं गाडीत चढता येत नाई ना.

अनघा : धन्य आहात तुम्ही दोघं! बसा इथे. आपला नंबर कितवा आहे ते पाहून येते. आणि ‘असेन’ हा शब्द तेवढा विसरा.

(अनघा आत जाते. गोविंदा चहाचे दोन कप घेऊन बाकाशी येतो.)

गोविंदा : घे. डाव्या हातात देतो, सांभाय. लय गरम हाये.

धम्मदीप : कायले आनला काका? तुमच्या वकिलानं पाह्यलं तं बोंबलन.

गोविंदा : बोंबलू दे. काय म्हने बाई?

धम्मदीप : काई नाई. काका, तुमी जे पाह्यलं ते सांगा. माह्या मनात काई नाई. खटक्यावर दुपट्टा नवता, तं नवता. तुमी कायले खोटं बोलसान?

गोविंदा : असा नको बोलू बावा. शिवी दे मले.

धम्मदीप : काहून?

गोविंदा : यष्टीत सांगाचं होतं. कयंबापासून इथवर तोंड उघडलं अन् मिटलं, उघडलं अन् मिटलं. आता आत जाऊन उभा राह्यलो तं शपथ घ्या लागन. तिथं नाई होनार माह्याच्यानं.

धम्मदीप : काय नाई होनार? काका, बसा आधी.

गोविंदा : उभाच बरा. त्या दिवशी सकायी माही मशीन जाम झालती. आपल्या दोघायचा खटका एकच. म्या माहा दुपट्टा बांधला, मशीन साफ केली, दुपट्टा काढून भिंतीच्या खिय्याले अडकवला. इथवर ध्यानात घे.

धम्मदीप : बरं.

गोविंदा : दुपारी जेवून आलो. पाह्यतो तं खटक्यावर दुपट्टा. हिरव्या काठाचा. माहाच.

धम्मदीप : तुमचा?

गोविंदा : माहाच. मले वाटलं, सकायी म्या काढलाच नाई. म्हनलं, गोविंदा, म्हातारा झाला तू, डोकं चालत नाई. आपली रीत काय? ज्याचा दुपट्टा, त्यानं काढाचा. माहा होता. म्या सोडला, गयात टाकला अन् खटका दाबला. तू खाली खड्ड्यात. मले दिसलाच नाई रे!

धम्मदीप : खिळ्यावरचा... हिरवा काठ. थांबा काका, थांबा. ओला होता तो. घामानं ओला. गाठ सरकून राह्यली होती, म्हनून मी दोनदा मारली.

गोविंदा : दोनच होत्या. सोडाले वेळ लागला मले. तवाबी ध्यानात नाई आलं, का म्या तं एकच मारतो.

धम्मदीप : म्हंजे खिळ्यावरचा तुमचा घेऊन मी बांधला होता.

गोविंदा : तू बांधला होता.

धम्मदीप : अन् तुमाले हे दीड वर्षापासून ठाऊक आहे.

गोविंदा : त्याच दिवसापासून. तुले गाडीत टाकलं, तवा तो दुपट्टा माह्या गयातच होता. मॅनेजर म्हने, खटका कोनी दाबला हे निघालं तं तू जेलात जाशीन. या कागदावर सही कर. म्या केली. मंग चौथ्या दिवशी दवाखान्यात आलो तुले सांगाले. खरंच सांगालेच आलतो. तं तूच म्हनला, ‘काका, मीच दुपट्टा बांधाले विसरलो.’ अन् बावा, मले बरं वाटलं. हेच सांगाचं होतं आज. सहीचं नाई एवढं. मले बरं वाटलं, त्याचं मनाले लागते.

धम्मदीप : बरं वाटलं!

गोविंदा : हो.

धम्मदीप : तुमाले ठाऊक आहे, माह्या घरी काय झालं? वैष्णवीनं एकडाव इचारलं, ‘खरं सांगा, विसरले होते का?’ मी हो म्हनलं. तवापासून मी घराबाहेर पाय टाकला का तिचा फोन. कडी लावली का? गॅस बंद केला का? पोरीले मी शाळेतून आनतो म्हनलं, तं म्हने, राहू द्या, मीच जाईन. बोटं गेल्याचं तिनं कधी काढलं नाई. पण माह्यावर भरोसा नाई राह्यला तिचा. माहाच माह्यावर नाई राह्यला! कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून वापस जातो मी पाह्याले. अन् तुमी रोज संध्याकाळी माह्या दारात बसून चहा पेत होते!

गोविंदा : रोज सांगाले येत होतो. चहा पेऊन वापस जात होतो.

अनघा : (परत येत) आपला चौथा नंबर. हे काय, दोघं एकत्र? आणि चहा? अहो, समोरच्यांनी पाहिलं तर...

गोविंदा : बाई, दुपट्टा होता खटक्यावर. माहा होता. धम्मदीपनं बांधला अन् म्या सोडला. आत हेच सांगनार हावो.

अनघा : एक मिनिट. बसा. तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? आधीच्या कागदावर तुमची सही आहे. आज उलटं बोललात तर त्यांचा वकील तुम्हाला सोलून काढेल. काम तर उद्याच जाईल. खोटी सही का केली, खटका का दाबला, सगळं निघेल. मी तुमची वकील नाही, तुमच्यासाठी मला उभं राहता येणार नाही.

गोविंदा : नका राहू.

अनघा : आणि मी तुमच्या तोंडात एक अक्षरही घालणार नाही. माझी वेळ आली की इतकंच विचारीन, दुपट्टा कोणाचा होता. पुढचं तुमचं तुम्ही.

गोविंदा : मंग तेवढंच इचारा. पण पक्कं इचारा बाई. म्या अडखळलो तं पुन्हा इचारा. लय भेकड मानूस हावो म्या.

अनघा : धम्मदीप, तुम्ही काहीतरी बोला.

धम्मदीप : काय बोलू? काका, वापस जातानी मी तुमच्यासंगं येनार नाई. तुमी जा पह्यल्या गाडीनं. मी मागच्यानं येईन.

गोविंदा : बरं बावा. अन् पिशवी? चढशीन कसा?

धम्मदीप : पाहीन मी. द्या इकडं.

गोविंदा : घे.

अनघा : चला, तिसरा नंबर आत गेला. फोन बंद करा.

धम्मदीप : एकच मिनिट, मॅडम, तिचाच आहे. हॅलो, वैष्णवी? ...नाई, अजून नाई झालं. ...हो, कडी लावली. ...हो व, गॅसबी बंद केला. ...ऐक ना. त्या दिवशी दुपट्टाबी बांधला होता मी. दोन गाठी मारल्या होत्या.