अक्काच्या वाट्याचं दूध

जमलेल्या मायबहिणींनो, अक्काच्या शाळेतल्या सर-मॅडम लोकांनो, आन् खाली सतरंजीवर बसलेल्या तिच्या लेकरांनो,

मला बोलता येत न्हाई. मी पिठाच्या गिरणीवाला माणूस. दिवसभर पट्ट्याच्या आवाजात उभा असतो, तिथं बोलून काय उपयोग, कोणाला ऐकूच जात न्हाई. आज इथं एवढी शांतता आहे की माझाच आवाज मला परका वाटून राहिला. आमच्या घरात बोलणारी एकच होती. ती आता या फोटोत आहे.

फोटोपुढं हार आहे, उदबत्ती आहे, आन् एक दुधाचा पेला आहे. दोघा-तिघांनी मला विचारलं, केरबा, हा पेला काहून ठेवला? सांगतो. तेवढंच सांगायला उभा राहिलो.

कालिंदाअक्का माझी थोरली बहीण. इथं जवळा बाजारला तिनं जन्मभर मराठी शिकवलं. लग्न केलं न्हाई. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. नांदेडहून घरी आणली, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आन् गेली. मी दारात उभा होतो. माझ्यानं आत जाववलं न्हाई.

तिनं एक कादंबरी लिहिली, तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली. ‘बदली लेकरं’. लोक तिला हसले. म्हणाले, बाई, आपल्या गावात सोयाबीन आहे, हळद आहे, त्याच्यावर लिहा. माणसाची हुबेहूब नक्कल करणारी कंपनी तुमाला हिंगोली जिल्ह्यात कुठं सापडली? अक्का म्हणायची, आमच्या घरातच होती की.

ज्यांनी वाचली न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. पुढचा काळ आहे. ज्या आईचं लेकरू मेलं, तिला कंपनी तसंच दुसरं लेकरू तयार करून देते. तेच नाक, तेच डोळे. मंग दरसाल एक साहेब गाडी घेऊन येतो आन् आईला विचारतो, तोच आहे ना? आई न्हाई म्हणाली की गाडीचं दार उघडतं. नेलेलं लेकरू परत कोणाला दिसत न्हाई. म्हणून ती लेकरं त्या मेलेल्या लेकरासारखं चालायला शिकतात, त्याच्यासारखं हसायला शिकतात. सगळं बालपण पाठ करतात, पन दुसऱ्याचं.

आता माझं ऐका. माझ्या आधी आमच्या घरात अशोक होता, माझा थोरला भाऊ. तापात गेला. त्याच्यानंतर मी झालो. आपल्याकडं रीत आहे, लेकरू जाऊन लेकरू झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारच्या बाईनं उचलायचं, आन् आईनं तिला मूठभर कोंडा देऊन ते परत घ्यायचं. म्हणजे यमाला वाटतं, हे तर केरातलं, हे काय न्यायचं. म्हणून मी केरबा.

पन हे नाव दाराबाहेरचं. दाराच्या आत मी अशोक होतो. सगळं घर म्हणायचं, अशोक परत आला. माझ्या कानामागं तीळ आहे, त्यालाबी होता म्हणे. मला त्याचे सदरे. त्याची पाटी. यमाला फसवायला केरबा आन् आईला समजवायला अशोक. मंग मी कुठं होतो, मायबापहो?

अशोकला दूध लई आवडायचं. मला दुधाचा वाससुद्धा सहन होत न्हाई, आजबी न्हाई. पन आई रोज संध्याकाळी पेला भरून हातात द्यायची आन् तोंडाकडं बघत बसायची. एकदा मी न्हाई म्हणालो. आई पदर डोळ्याला लावून चुलीपुढं बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आपण अशोक न्हाई हे हिला कळलं तर ही आपल्याला परत उकिरड्यावर ठेवंल, असं वाटलं. लेकराच्या डोक्यात काय काय येतं.

दुसऱ्या दिवसापासून अक्का मला पेल्यासकट गोठ्यामागं न्यायची. घटाघटा सगळं दूध प्यायची. मंग पेल्याच्या तळाशी बोट फिरवायची आन् माझ्या व्हटावर पांढरी मिशी ओढायची. मी ती मिशी घेऊन आईपुढं जायचो. आई म्हणायची, “पिला माझा अशोक.” किती वर्षं चाललं हे. अक्कानं मला अशोक व्हायला शिकवलं. तो कसा बसायचा, कुशीवर कसा झोपायचा, सगळं. पन गोठ्यामागं ती मला केरबा म्हणायची. तिथं मला कारलं आवडलं तरी चालायचं. माझं जे काही बालपण आहे ना, ते त्या गोठ्यामागं आहे.

हे सगळं तिनं पुस्तकात घातलं. तिथंबी एक बहीण आहे, ती बदली भावाला वाचवायला मेलेला भाऊ व्हायला शिकवते. पन शेवट तिनं केला न्हाई. शेवटच्या पानावर गाडी येते, साहेब विचारतो, तोच आहे ना? आई तोंड उघडते. संपलं पुस्तक. मी चिडून तिला विचारलं, अगं, ती आई काय म्हणाली? अक्का म्हणाली, “मला काय विचारतोस, आईला विचार.”

माझी छाती झाली न्हाई. पन्नाशीला आलो, गिरणी टाकली, लेकीचं लग्न केलं, पन आईला हे विचारायची छाती झाली न्हाई.

आता अक्का गेली. माझी लेक मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, ती काय मागं बसलीय. अक्काला नेलं त्याच दिवशी बायका मनीषाच्या पोटाकडं बघून म्हणाल्या, कालिंदा लांब न्हाई गेली. मनीषा जेवताना ठेचा मागते, तर म्हणाल्या, बघा, कालिंदालाबी ठेचाच लागायचा. अहो, ठेचा तर अर्ध्या जवळा बाजारला लागतो. त्यांनी मायेनंच म्हटलं, मला कळतं. पन अजून जन्मलं न्हाई, आन् त्याच्यासाठी गाडी दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईजवळ पुस्तक घेऊन बसलो. आईला वाचता येत न्हाई. मी वाचत गेलो, ती ऐकत गेली. गोठ्यामागचं पान आलं तेव्हा मी पुस्तक मिटायला लागलो. आई म्हणाली, “वाच की. मला ठावं हाय ते.”

मी म्हणालो, काय ठावं हाय?

“दूध पिलेल्या लेकराच्या व्हटाला दूध कसंबी लागतंय. तुह्या व्हटावर बोटानं ओढलेलं असायचं. रोज.”

मंग बोलली काहून न्हाईस, म्हणालो. इतकी वर्षं पेला काहून भरत राहिलीस?

आईनं पुस्तकावर हात ठेवला. मंग म्हणाली, “एकच म्हैस. दूध पोराचं, पोरीला कोन देतंय? तुही आजी पेल्यावर नजर ठेवून असायची. कालिंदाच्या नावानं पेला भरला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. तुह्या नावानं भरला, तर पिऊन राहिली होती ना माही लेक.”

मायबहिणींनो, आमी दोघं भाऊ-बहीण जन्मभर समजत होतो की आमी आईला फसवलं.

अक्काला हे कळलंच न्हाई. हे मला सोसत न्हाई. तिनं एवढं पुस्तक लिहिलं, आन् त्या आईचं उत्तर तिला सुचलं न्हाई, कारण ते आईनं तिलाबी कधी सांगितलं न्हाई. थोडं आधी विचारलं असतं तर मी नांदेडला जाऊन तिच्या कानात सांगितलं असतं. आता कोणाला सांगू?

शेवटचं पान वाचून मी आईला विचारलं, साहेबाला ती बाई काय म्हणाली असंल? आई म्हणाली, “तोच हाय म्हनली असंल. लेकरू वाचवायला खोटं बोलावंच लागतंय. मंग साहेब गेल्यावर दार लावून त्याला जवळ घेतलं असंल, आन् इचारलं असंल, तुला काय आवडतंय रे बाबा?”

आज सकाळी आईनं मला कारल्याची भाजी केली. न विचारता केली.

म्हणून तुमाला हात जोडून सांगतो. माझ्या घरात जे लेकरू येईल, पोरगा की पोरगी, त्याला कालिंदा म्हणू नका. तीळ शोधू नका. माझी अक्का परत येणार न्हाई. हे बोलताना माझा जीव तुटतो, पन ती येणार न्हाई. ती एकच होती, आन् ती गेली.

हा पेला आईनं भरलाय. काठोकाठ. सगळ्यांच्या समोर, पहिल्यांदा तिच्या नावानं. आता तिला तो लपून प्यायचा न्हाई.

आई बसूनच राहील, तिचे गुडघे धरलेत. आपण उभं राहू. आन् थोडा वेळ कोणी काही बोलू नका.