चंद्रभानजी जिते आहेत

नाही वं चंदा, तो व्हिडिओ मी देत नाही. दुसरं काहीबी माग — पोस्टर बनवून देते, मजकूर लिहून देते — पण तो नाही. बस त्या स्टुलावर. अब्बू नमाजले गेले, या उन्हात अर्धा घंटा कोणी कपडा घ्याले येत नाही. काय म्हणतं, चार लाख लोकाईनं पाहिला? मले नाही माहीत का? मीच तर टाकला होता. म्हणजे — काढला मी, टाकला हसनैननं. जाऊ दे.

तुमचा मोर्चा शुक्रवारी आहे न? आमचाही शुक्रवारीच होता. कोरोनानंतरचा दुसरा उन्हाळा, अकोला पंचेचाळीसच्या वर. कॉलेजचे आमी चौदा जण. मागणी एकच — बारा ते चार उन्हातलं काम बंद करा, चौकाचौकात सावली अन् पाणी द्या. पेज होतं, हॅशटॅग होता, रोज तीन-तीन स्टोऱ्या टाकून राहिलो होतो, अन् लाईक कोणाचे? आमचेच, एकमेकाईचे. आमच्यातलाच हसनैन मने, "जेबा, तापमानाचे आकडे कोण पाहते? माणूस दाखव." तर मी माणूस शोधाले निघाली. सोमवारची दुपार. रस्त्याच्या कडेले निंबाखाली एक म्हातारा पडून होता — तोंडावर दुपट्टा, एक चप्पल पायात, एक बाजूले, डाव्या पायाले अंगठा नाही, अन् त्या पायावर माशी. मी काढला व्हिडिओ. वर लिहिलं — उष्माघाताचा आणखी एक बळी, शुक्रवारी या. हो, मीच लिहिलं. हसनैननं नुसतं बटन दाबलं.

चंद्रभानजी नाव त्याईचं. तिवस्याजवळच्या खेड्यातले, इथं कापसाच्या जिनिंगवर रातपाळीचे चौकीदार. खोलीवरचं टिन तापे म्हणून दिवसा त्या निंबाखाली झोपत. झोपले होते ते, समजलं? नुसते झोपले होते. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ त्याईच्या गावात. अंगठ्यावरून लोकाईनं ओळखलं. फोन लावला तर बंद — चार्जिंग नव्हती. दुर्गाबाईनं, त्याईच्या घरवालीनं, कुंकू पुसलं. आंगणात बाया जमल्या, रडणं झालं, पुतण्या गोपाल मयत आणाले अकोल्याले आला — अन् पाहते तर काका जिनिंगच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेले!

तिसऱ्या दिवशी दोघं इथं आले, या दुकानात. गोपाल चिडून होता, पण चंद्रभानजी हसले. मने, "खोटी बातमी आली की आयुष्य वाढते, पोरी." शरबत पिले. मग हळूच मने, "त्याच्याच खाली लिवून दे नं, मी जिता आहो म्हणून. गावात जाऊन आलो. घरची बाई माह्याकडे पाहून नाही राहिली."

मी म्हटलं, काका, शुक्रवार होऊ द्या. दोनच दिवस.

शुक्रवारी नऊशे माणूस आलं, चंदा! हमाल, बांधकामावरच्या बाया, रिक्षावाले — अन् प्रत्येकाच्या हातात त्या पायाचा फोटो. पुढच्याच आठवड्यात आदेश निघाला, दुपारचं काम बंद, पाण्याच्या टाक्या. वाचलेच असतील न लोक त्यानं? सांग नं, वाचले असतील न?

हो, मग लिहाले पायजे होतं. पण हसनैन मने, आता लिहिलं तर सगळंच खोटं ठरते, आदेश वापस जाते. मले पटलं. पटलं म्हणजे — मले पटवूनच घ्याचं होतं. गोपालचे मेसेज येत: ताई, काकी अजून कुंकू लावून नाही राहिली. मने, एकदा पुसलं ते पुसलं. काकाले वाढते अन् पाठ फिरवून बसते. काका रोज विचारते, पोरीनं लिवलं का? — मी मेसेज उघडतच नव्हती. निळी खूण दिसू नये म्हणून वरच्या वर वाचत होती.

दिवाळीच्या आधी गेले ते. खरंच गेले, झोपेत. गोपालनं लिहिलं, मौतीले अकरा माणसं होती. गाव एकदा रडून मोकळं झालं होतं, एका माणसासाठी दोनदा कोण रडते?

मी गेली तिवस्याकडे. अब्बूले सांगितलं, मैत्रिणीचा निकाह आहे. दुर्गाबाईनं चहा ठेवला, एक शब्द वाकडा नाही बोलली. मने, तो व्हिडिओ दाखव. मी पाहिलाच नाही, लोकाईनं सांगितलं अन् मी पुसलं. दाखवला. तिनं फोन डोळ्याजवळ धरून वीस वेळा पाहिला असन. मग मने, "पण याचं पोट नाही हालून राहिलं, माय. जित्या माणसाचं पोट तर हालते न?"

हालत होतं, चंदा. पूर्ण व्हिडिओ चाळीस सेकंदाचा आहे, अजून आहे माह्या फोनमधी. पोट वरखाली होते, घोरणं बी ऐकू येते. मी श्वास सुटल्यावरचे तीन सेकंद कापून घेतले, आवाज बंद केला, अन् तेवढेच पुन्हा पुन्हा फिरवत ठेवले. हे हसनैनलेही नाही माहीत. तुलेही सांगाचं नव्हतं.

तिले? तिले काय सांगतं? मी म्हटलं, काकी, नेटवर्क खराब असलं की तसंच दिसते. ती मने, "असंन बाई, मले त्यातलं काय समजते." निघताना पिशवीत सीताफळं घालून दिली.

उठ आता. अब्बू येऊन राहिले, ते पाह्य, कोपऱ्यावर दिसले. विचारलं तर म्हण, ड्रेसचा कपडा पाहाले आली होती. हा कपडा पाह्य — सुती आहे, उन्हाळ्यात बरा. नाही पसंत? मग निघ, चंदा. निघ.