उसनं लेकरू

भागूबाई : नगं सिस्टर, माझ्या अंगावर नगं देऊ तिला. त्या काचेच्या पेटीत ठेव.

शैला : पेट्या भरल्यात, मावशी. एकेकीत दोन-दोन बाळं आहेत. सूनबाई अजून शुद्धीवर नाही, तुमचा मुलगा सांडू तापानं फणफणलाय. तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे हिला?

भागूबाई : मंग बाजेखाली शेगडी लाव. आमच्या गंगापूरकडं तसंच करत्यात.

शैला : धुरानं गुदमरेल हो. अपुऱ्या दिवसांचा जीव हा. चोळीची गाठ सोडा, पडदा ओढलाय मी. उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून लुगडं गुंडाळायचं.

भागूबाई : ह्ये कुठलं गं औषध?

शैला : कोलंबियातलं. फार लांबचा देश, पण दवाखाने आपल्यासारखेच. पेट्या पुरेनात, तेव्हा तिथं आयांच्या छातीशीच बाळं बांधली. जगली हो ती! आता गोऱ्यांचे बडे दवाखानेही त्यांच्याकडून शिकतात.

भागूबाई : त्या बायांची कूस चांगली असंल. सांडूच्या आधीची समदी लेकरं माझ्या कुशीत गेली. म्हणून तर त्याला जलमल्याबरोबर उकिरड्यावर टाकला. शेजारच्या आवडाबाईनं उचलला, अन् म्या सूपभर कोंडा दिऊन तिच्याकडून मागून आणला. लोकाचं लेकरू म्हणून वाढवला, तवा जगला. मला लई भ्या वाटतंय, बाई.

शैला : मलाही वाटतंय. पाय बघा तिचे.

भागूबाई : आगं बया! गार पडल्यात की!

शैला : मावशी, ऐका. ही माझी पोरगी आहे.

भागूबाई : काय म्हणली?

शैला : माझी. तुमची कुणी नाही. माझे हात गुंतलेत, तेवढी धरता का घटकाभर?

भागूबाई : तुझी? मोठ्यानं म्हण.

शैला : शैलाची पोरगी आहे हो ही!

भागूबाई : दे मंग. लोकाच्या लेकराला काय भ्यायचं... सिस्टर! हलतच नाय गं ही!

शैला : श्वास चालू आहे. सोडू नका. मान एका बाजूला करा. हां, अश्शी.

(दुपार कलते.)

शैला : बघू पाय. ऊब आली की हो! माझी ड्युटी संपली, मावशी. नव्या सिस्टरला सांगून जाते, नात आजीपाशी आहे म्हणून.

भागूबाई : हळू बोल, बाई. आजी नगं म्हणू. तुझीच हाय म्हणून सांग. म्या नुसती धरून बसलीय.